ज्याचे त्याचे माप

या सदरात आपण एरवी ठेवी, व्याजदर, नामनिर्देशन आणि घरखर्च यांविषयी बोलतो. या महिन्याचा विषय वरकरणी निराळा वाटेल, परंतु तोही हिशेबाचाच आहे. गेल्या काही महिन्यांत भंडारा, तुमसर आणि साकोली येथील परिचितांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला : मुलांच्या हट्टाखातर घरी ससा आणला आहे, त्याला काय आणि किती खायला द्यावे? प्रश्न साधा वाटतो. मात्र त्याचे उत्तर चुकले तर दहा वर्षे जगू शकणारा जीव दोन-तीन वर्षांतच जातो आणि त्याचे कारणही घरच्यांना कळत नाही. म्हणून या विषयाला एक लेख द्यावा असे वाटले.

आपल्यासारख्या घरांत ससा आणण्यामागे एक विचार असतो. कुत्रा किंवा मांजर पाळले की त्याच्या आहाराचा पेच उभा राहतो. ससा मात्र संपूर्ण शाकाहारी, शांत आणि निरुपद्रवी. विचार योग्य आहे. अडचण त्यापुढील निष्कर्षाची आहे. ससा शाकाहारी आहे, तेव्हा आपल्या शाकाहारी ताटातील सर्व पदार्थ त्याला चालतील, असे आपण धरून चालतो. मग सकाळी पोळीचा तुकडा, दुपारी भिजवलेले हरभरे, चार वाजता बिस्कीट, संध्याकाळी खाखरा, असा पाहुणचार सुरू होतो. ससा हे सर्व आवडीने खातो, हीच त्यातील फसवणूक आहे. आपल्या घरातील मुलेही गोळ्या-चॉकलेट आवडीने खातात, पण तेवढ्यावरून तो आहार ठरत नाही.

सशाचे पोट कसे चालते

ससा हा गवत खाणारा प्राणी आहे. ‘शाकाहारी’ या शब्दापेक्षा ‘गवताहारी’ हा शब्द त्याला अधिक शोभेल. त्याच्या तोंडात २८ दात असतात आणि ते सर्व आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात. ही वाढ झिजवण्याचे काम गवताचे चरबरीत तंतू करतात. गवत चघळताना जबडा आडवा फिरतो आणि दाढा एकमेकींवर सारख्या घासल्या जातात. मऊ पोळी किंवा बिस्कीट दोन-चार वेळा चावून गिळले जाते, दाढा घासल्याच जात नाहीत. काही महिन्यांत दाढांच्या कडा अणकुचीदार होऊन जिभेला व गालाला टोचू लागतात. मग ससा भुकेला असूनही खाऊ शकत नाही. हनुवटी लाळेने ओली दिसते आणि घरचे म्हणतात, याला उन्हाळा बाधला असावा.

दुसरी गोष्ट आतड्यांची. लहान व मोठ्या आतड्याच्या संधीपाशी सशाला एक मोठी पिशवी असते. तेथे असंख्य उपकारक सूक्ष्मजीव अन्न आंबवतात. गवताचे लांब तंतू आतड्यांना सतत चालना देत पुढे सरकतात आणि कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. बारीक कण मात्र मागे वळून त्या पिशवीत जातात. तेथे तयार झालेल्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या लेंड्या ससा थेट तोंडाने उचलून खातो. हे पाहून अनेकांना किळस येते आणि काही जण त्याला तसे करण्यापासून परावृत्त करतात. तसे करू नये. त्या मऊ लेंड्यांतून त्याला प्रथिने आणि ब व के जीवनसत्त्वे मिळतात. निसर्गाने त्याच्यासाठी केलेली ही दुसरी पंगत आहे, असे समजावे.

पिष्टमय व गोड पदार्थ पोटात गेले की त्या सूक्ष्मजीवांचा समतोल ढळतो. उपकारक जीव घटतात, अपायकारक वाढतात, वायू धरतो आणि आतड्यांची हालचाल मंदावते. सशाला उलटी होऊ शकत नाही. एकदा आत गेलेले अन्न पुढेच जावे लागते. ते थांबले की प्राणावर बेतते.

यावरून आहाराचे मूळ प्रमाण ठरते. रोजच्या खाण्यात किमान ८० टक्के भाग वाळलेल्या वा ताज्या गवताचा असावा. उरलेल्यात बहुतांश पालेभाजी, त्यानंतर थोडे तयार पेलेट खाद्य आणि फळ केवळ चवीपुरते. स्वच्छ पाणी चोवीस तास. सशाला किलोमागे दिवसाला साधारण ५० ते १५० मिलिलिटर पाणी लागते. आपल्या उन्हाळ्यात वरचा आकडा धरावा. बाटलीपेक्षा जड मातीच्या वा स्टीलच्या भांड्यातून ससा अधिक पाणी पितो, हेही लक्षात ठेवावे.

पुस्तिका कोणासाठी लिहिली आहे?

ससा आणल्यावर जबाबदार माणूस माहिती शोधू लागतो. मराठीत व हिंदीत जी माहिती सहज हाती येते, ती बहुतेक ‘ससेपालन व्यवसाय’ या मथळ्याखाली. तीत मका, गव्हाचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड, क्षारमिश्रण यांचे तक्ते असतात. न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट अशा जातींची नावे असतात आणि रोज किती ग्रॅम खुराक द्यावा याचे आकडे असतात. राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेत सशांवरही दीर्घकाळ काम झाले आहे. त्या क्षेत्रातील तक्ते शास्त्रशुद्ध असतात, यात शंका नाही.

परंतु कोणताही तक्ता वाचताना तो कोणत्या उद्देशाने मांडला आहे, हे आधी पाहावे लागते. बँकेत प्रकल्प अहवाल पाहताना आम्ही पहिला प्रश्न हाच विचारीत असू. मांसासाठी पाळलेल्या सशाचे उद्दिष्ट सुमारे तीन महिन्यांत सुमारे दोन किलो वजन गाठणे हे असते. तेथे त्याचे आयुष्य संपते. चौथ्या वर्षी त्याच्या दाढांचे, यकृताचे वा मूत्राशयाचे काय होईल, हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही. जो खुराक झपाट्याने वजन वाढवतो, तोच आपल्या घरातील सशाला वर्षानुवर्षे दिला तर तो लठ्ठ होतो, त्याच्या पायांच्या तळव्यांना जखमा होतात आणि यकृतात चरबी साठते. आपण त्याला आठ-दहा वर्षे सुखाने जगवण्यासाठी आणले आहे. कत्तलीसाठी मांडलेले माप त्याच्या वाडग्यात ओतणे, हे हेतूनेही विसंगत आणि परिणामानेही घातक आहे. दुकानातून पेलेटची पिशवी घेताना हाच विवेक ठेवावा. प्रौढ पाळीव सशासाठी तंतूंचे प्रमाण १८ ते २० टक्क्यांपेक्षा कमी नसावे आणि प्रथिने १२ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असावीत. ज्या पिशवीवर हे आकडेच छापलेले नाहीत, किंवा जिच्यात रंगीत दाणे, मका आणि सुका मेवा मिसळलेला आहे, ती घेऊ नये. मिश्रणातून ससा गोड तेवढे वेचून खातो आणि तंतुमय भाग टाकून देतो.

शेंगदाण्याच्या पेंडीविषयी आणखी एक सावधगिरी : दमट हवेत तिला बुरशी लागते आणि त्या बुरशीचे विष यकृताला फार बाधते. आपल्या पावसाळ्यात हा धोका अधिक.

गाजर, चातुर्मास आणि रात्र

आपल्या घरांतील नियमांमुळे तीन शंका विशेषकरून येतात. त्यांचा येथे विचार करू.

पहिली गाजराची. कंदमूळ न आणणाऱ्या घरातील मुलांना वाटते की आपला ससा बिचारा गाजरावाचून वंचित राहिला. चित्रांतील प्रत्येक सशाच्या हाती गाजर असते, त्याचा हा परिणाम. वस्तुतः गाजराचा कंद सशाच्या दृष्टीने गोड खाऊ आहे, आहार नव्हे. त्यात साखर बरीच असते आणि अधिक दिल्यास पोट बिघडते. ज्या घरात गाजर येत नाही, त्या घरातील सशाचे काहीही अडत नाही. बटाटा, कांदा व लसूण तर सशाला देऊच नयेत. येथे आपला नियम आणि सशाची प्रकृती यांचा योगायोगाने मेळ बसतो.

दुसरी चातुर्मासाची. अनेक घरांत चातुर्मासात पालेभाजी बंद असते, काही घरांत अष्टमी-चतुर्दशीला हिरवे वर्ज्य असते. हा आपला संयम आहे. सशाने तो स्वीकारलेला नाही. त्याच्या आतड्यांतील सूक्ष्मजीवांना अचानक बदल सोसत नाही. रोज मिळणारी भाजी एकदम बंद करणे आणि चार महिन्यांनी एकदम सुरू करणे, दोन्ही वाईट. ज्या घरात भाजी आणायचीच नाही, त्यांनी आषाढापूर्वी दोन-तीन आठवडे तिचे प्रमाण हळूहळू कमी करावे आणि उत्तम प्रतीचे वाळलेले गवत व पाणी भरपूर ठेवावे. गवत चांगले असेल तर भाजीवाचून प्रौढ सशाचे चालते. भाजी भरपूर पण गवत नाही, ही स्थिती मात्र चालत नाही. पुन्हा सुरू करतानाही एका वेळी एकच पाला, चिमूटभर, चार-पाच दिवस पाहून मग वाढवावा. काही घरांत सशासाठी स्वतंत्रपणे भाजी आणली जाते, तोही मार्ग आहे. तो निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुजनांना विचारून करावा.

तिसरी शंका रात्रीची. सूर्यास्तानंतर आपले स्वयंपाकघर बंद होते, तेव्हा सशापुढील खाद्यही उचलून ठेवावे का? मुळीच नाही. ससा पहाटे, संध्याकाळी आणि रात्री अधिक खातो. दुपारी तो बहुधा विश्रांती घेतो. सूर्यास्तापूर्वी त्याच्यासमोर गवताचा ताजा भारा आणि भरलेले पाणी ठेवले की आपला नियमही पाळला जातो आणि त्याची रात्रही सुखाची जाते. उपवासाच्या बाबतीतही तेच. ससा बारा तास उपाशी राहिला तर ती तातडीची अवस्था समजतात. शस्त्रक्रियेपूर्वी कुत्र्या-मांजरांना उपाशी ठेवतात, सशाला तसे ठेवीत नाहीत, यावरून याचे महत्त्व कळावे.

एकाच घरातील तीन ससे

आता मुख्य मुद्दा. वर दिलेले प्रमाण हे सर्वसाधारण आहे. परंतु सर्वसाधारण ससा कोणाच्याच घरी नसतो. प्रत्येकाचे वय, वजन, प्रकृती आणि स्वभाव वेगळा. समजा एका घरी तीन ससे आहेत. त्यांचा हिशेब मांडून पाहू.

पहिला चार महिन्यांचा, सव्वा किलोचा. त्याची हाडे व स्नायू वाढत आहेत. त्याला प्रथिने आणि कॅल्शियम अधिक लागते. गवताबरोबर लसूणघास देता येईल, वाढीच्या वयाचे पेलेटही हात न आखडता द्यावेत. पालेभाजी बारा आठवड्यांनंतर, एकेक करून. सहा-सात महिन्यांपासून लसूणघास कमी करीत वर्षाच्या आत पूर्णपणे साध्या गवतावर आणावे. अशा पिल्लाचे वजन दर आठवड्याला वाढले पाहिजे. वाढ थांबली तर काहीतरी बिघडले आहे.

दुसरा तीन वर्षांचा, दोन किलोचा, अंगाने बांधेसूद. त्याला गवत अमर्याद. पेलेट किलोमागे जास्तीत जास्त २५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ५० ग्रॅमची कमाल मर्यादा. ती दोन वेळांत विभागावी. गवत उत्तम खात असेल तर याहून कमीही पुरते. एक-दोन मुठी पालेभाजी, तीही दोन-तीन प्रकारांची. फळाचा अंगठ्याएवढा तुकडा आठवड्यातून एक-दोनदा.

तिसरा सहा वर्षांचा, २ किलो ६०० ग्रॅमचा. त्याच्या बांध्याला २ किलो १०० ग्रॅम पुरेसे. फासळ्या हाताला लागत नाहीत, मानेखाली घडी पडली आहे, आणि पाठीमागील भाग जिभेने स्वच्छ करता येत नाही. त्याचे ५०० ग्रॅम कमी करायचे आहेत. येथे घाई केली तर अनर्थ होतो, कारण लठ्ठ ससा उपाशी पडला की यकृतात चरबी वेगाने साठून तो दगावू शकतो. आठवड्याला वजनाच्या सुमारे एक टक्का, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, एवढीच घट धरावी. पाचशेला पंचवीसने भागले की वीस आठवडे येतात. पाच महिने धीर धरायचा, पेलेट क्रमाक्रमाने कमी करायचे, गोड बंद, गवत मात्र पूर्वीपेक्षा अधिक आणि मोकळे फिरणेही अधिक. याच्याच वयाचा दुसरा एखादा ससा मात्र म्हातारपणी रोडावत असेल. त्याचे पेलेट कमी करणे चूक ठरेल. त्याचे दात आधी तपासून घ्यावेत आणि त्याला थोडे वाढवून द्यावे. वय तेच, माप उलटे.

यांत गाभण वा दूध पाजणारी मादी असेल तर तिचा हिशेब आणखी निराळा. गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा. त्या काळात व पिल्ले दूध पिईपर्यंत तिला लसूणघास व पेलेट वाढवून द्यावेत. ती दिवसातून एक-दोन वेळाच काही मिनिटे पिल्लांना पाजते. ‘आई पिल्लांकडे पाहत नाही’ असे समजून गाईचे दूध पाजण्याची घाई करू नये.

कॅल्शियमविषयी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपले शरीर गरजेपुरते कॅल्शियम शोषून घेते. ससा आहारातील बहुतेक कॅल्शियम शोषतो आणि जादा झालेले लघवीवाटे टाकतो. म्हणून सशाची लघवी थोडी पांढुरकी असते, ते स्वाभाविक आहे. परंतु ती चिखलासारखी दाट होऊ लागली, किंवा ससा लघवी करताना कुंथू लागला, तर त्या सशाची लसूणघास तत्काळ बंद करून पाणी वाढवावे व पशुवैद्यकांना दाखवावे. वाढत्या पिल्लाला जे अमृत, ते प्रौढ सशाला मूतखड्याचे निमित्त होऊ शकते.

तिघे एकाच जाळीत राहत असतील तर वेगवेगळे माप कसे द्यायचे? गवत व पाणी सर्वांना सामाईक. पेलेट व पालेभाजीच्या वेळी मात्र तिघांना दहा-पंधरा मिनिटे वेगळे बसवावे आणि आपण समोर बसावे. यातून दुहेरी लाभ होतो. कोण आज रस घेऊन खात नाही, हे त्याच वेळी कळते. दुबळ्या सशाचा वाटा दांडगा ससा खातो, हेही मग टळते.

‘मी तर थोडेच दिले’

भंडारा शहरातील एका परिचित कुटुंबात सहा माणसे आणि एक पांढरा ससा. सशाचे वजन वाढत चालले, मागील केस घाण राहू लागले, मऊ लेंड्या जमिनीवर चिकटलेल्या दिसू लागल्या. प्रत्येकाला विचारले तर प्रत्येकाचे उत्तर एकच : मी तर थोडेच देतो. आजीबाई देवदर्शनाहून आल्यावर केळ्याची एक चकती देत. आजोबा चहाबरोबर अर्धे बिस्कीट. सूनबाई पोळी लाटताना एक छोटी पोळी. मुलगा दुकानातून आल्यावर चार मनुके, आणि दोन्ही नातवंडे शाळेतून आल्यावर प्रत्येकी मूठभर चुरमुरे. कोणाचेही थोडे खोटे नव्हते. परंतु सहा जणांचे थोडे एका दोन किलोच्या पोटात एकत्र होत होते आणि त्यानंतर गवताला जागाच उरत नव्हती.

उपाय अवघड नव्हता. जाळीशेजारी एक वही टांगली. डाव्या बाजूला काय आणि कोणी दिले, उजव्या बाजूला लेंड्या कशा होत्या, पाणी किती संपले आणि रविवारी वजन किती भरले. सर्वांनी मिळून ठरवले की खाऊ दिवसातून एकदाच आणि एकाच्याच हातून मिळेल, ज्याची पाळी असेल तो देईल. खाऊही बदलला. बिस्किटाऐवजी पुदिन्याची काडी किंवा सांबाराची जुडी. आजोबांना प्रारंभी वाईट वाटले. आपल्या हाताने काही दिले की ससा धावत येतो, हा त्यांचा दिवसाचा आनंद होता. पुढे त्यांच्या लक्षात आले की पुदिन्यासाठीही तो तेवढ्याच वेगाने धावत येतो. महिनाभरात लेंड्या कोरड्या व गोल झाल्या. वजन उतरायला अर्थातच अधिक काळ लागला.

ही वही प्रत्येक घराने ठेवावी, असा माझा आग्रह आहे. ससा हा शिकार होणारा प्राणी आहे. दुखणे लपवणे हे त्याच्या रक्तात आहे. तो कण्हत नाही, ओरडत नाही. जे तो सांगत नाही ते वही सांगते.

आपल्या भागातील चारा

परदेशी पुस्तकांत ‘टिमोथी’ गवताचे नाव वारंवार येते. येथे ते डबाबंद व महाग मिळते. त्यावाचून अडण्याचे कारण नाही. हरळी, मारवेल यांसारखी आपल्याकडील गवते आणि ओटचा वाळलेला चारा सशाला मानवतो. पावसाळ्याच्या अखेरीस, बी पूर्ण पक्व होण्याआधी गवत कापून, उलथापालथ करीत सावलीत वा सौम्य उन्हात वाळवावे. ते हिरवट राहिले पाहिजे आणि त्याला सुवास आला पाहिजे. प्रौढ सशाला सांडलवंडीसह दिवसाला साधारण १०० ग्रॅम वाळलेले गवत धरले, तर महिन्याला ३ किलो आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांना १२ किलो लागते. तेवढी बेगमी उन्हाळ्यातच करून तागाच्या पोत्यात, जमिनीपासून उंच टांगून ठेवावी. काळे पडलेले, कुबट वासाचे गवत फेकून द्यावे. ते वाया जाईल म्हणून सशाला घालू नये.

आपला जिल्हा धानाचा. तणीस सर्वत्र आणि स्वस्त मिळते. ती सशाखाली अंथरण्यास उत्तम आहे आणि त्याने त्यातील चार काड्या चघळल्या तरी हरकत नाही. परंतु तणशीत पोषण फार कमी असते. केवळ तणशीवर ससा ठेवणे म्हणजे त्याचे पोट भरून त्याला उपाशी ठेवणे होय. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावरील गवत कापून आणणाऱ्यांनी शेतमालकाला फवारणीची तारीख अवश्य विचारावी. फवारलेल्या शेताजवळचे गवत आणूच नये. रस्त्याकडेचे, धूर खाल्लेले गवतही नको. लाखोळीचे दाणे व पाला सशापासून दूर ठेवावा. त्यातील विषारी अंशामुळे माणसांना व जनावरांना पायांचा पांगळेपणा येऊ शकतो, हे आपल्या भागातील जुन्या लोकांना ठाऊक आहे.

पालेभाज्यांत सांबार, पुदिना, मेथी, तुळस या चालतात. पालक अधूनमधून आणि थोडा. कोबी व फुलकोबीने काही सशांना वायू धरतो, म्हणून प्रथम अल्प देऊन पाहावे. बाजारातील भाजी दोन-तीन पाण्यांनी धुऊन निथळून घ्यावी. अंगणातील कण्हेर, रुई, धोतरा, एरंड, घाणेरी आणि गाजरगवत यांपासून ससा दूर राहील, अशी व्यवस्था करावी.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सशाला घाम येत नाही. तो मुख्यतः कानांवाटे उष्णता बाहेर टाकतो. ३० अंशांच्या वर त्याला त्रास होऊ लागतो आणि तो खाणे कमी करतो. या दिवसांत मुख्य गवत पहाटे व रात्री द्यावे, भाजी ओलीच ठेवून द्यावी, पाण्याची दोन भांडी ठेवावीत आणि ओल्या पोत्याचा पडदा लावून जागा थंड ठेवावी.

केव्हा थांबू नये

काही लक्षणांवर घरगुती उपाय करीत बसू नये. ससा आवडीचा पालाही हुंगून बाजूला सारतो. लेंड्या अगदी बारीक झाल्या किंवा थांबल्या. पोट फुगून घट्ट लागते. तो अंग आक्रसून कोपऱ्यात बसतो आणि दात करकरा खातो. हनुवटी ओली राहते. यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकांकडे न्यावे. सशांचा अनुभव असलेले पशुवैद्यक गावात नसतील तर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला फार दूर नाही. दूरध्वनी क्रमांक आधीच वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवावेत. घरातील माणसांचे किंवा कुत्र्याचे औषध देऊ नये. अमॉक्सिसिलिनसारखी सामान्य प्रतिजैविके पोटातून दिली असता सशाच्या आतड्यांतील उपकारक जीव मरून तो दगावू शकतो.

आणखी एक सूचना. धान कापणीच्या वेळी शेतात सशाची पिल्ले सापडतात आणि मुले ती घरी आणतात. तो रानससा. आपला पांढरा पाळीव ससा हा युरोपीय सशाचा वंशज, जन्मतः उघडा आणि डोळे मिटलेला. रानसशाचे पिल्लू जन्मतः केसाळ आणि उघड्या डोळ्यांचे असते. आई त्याला एकटे ठेवून दूर जाते आणि पाजण्यापुरती परतते. ते अनाथ नसते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तो संरक्षित प्राणी आहे, त्याला घरात ठेवणे गुन्हा आहे. ते होते तेथेच राहू द्यावे.

अन्नपाननिरोध

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणापासून ऐकत आलो : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शेवटचा अतिचार आश्रित जीवाचे अन्नपाणी अडवण्याचा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही आपल्या ताब्यातील प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे हा अपराध मानतो. मला येथे एवढेच सुचवायचे आहे की बिस्किटांनी भरलेल्या वाडग्यासमोर बसलेल्या सशाचेही अन्न अडलेलेच असते, कारण त्याचे अन्न गवत आहे. आणि लहान जाळीत दिवसभर कोंडलेल्या सशाच्या बाबतीत पहिल्या अतिचाराचाही विचार करावा लागेल. दिवसाचे तीन-चार तास तरी त्याला मोकळे फिरू द्यावे. त्याशिवाय पोटही नीट चालत नाही.

मेघकुमाराच्या पूर्वभवाची कथा आपल्या सर्वांना परिचित आहे. वणव्यात जीव वाचवण्यासाठी आलेला ससा हत्तीने उचललेल्या पायाखालच्या जागेत बसला आणि हत्तीने अडीच दिवस तो पाय खाली ठेवला नाही. हत्तीने सशाला काही खाऊ दिला नाही, त्याला कुरवाळले नाही. त्या क्षणी सशाला जे हवे होते तेवढेच, आणि स्वतःच्या सोयीचा विचार न करता दिले. आपल्याला अडीच दिवस पाय उचलून धरायचा नाही. आजोबांना बिस्कीट देण्याचा मोह आवरायचा आहे, नातवाला रोज संध्याकाळी गवत बदलायचे आहे आणि कोणीतरी एकाने वही लिहायची आहे.

ज्यांच्या घरी ससा आहे, त्यांनी हा अंक हाती पडल्यावर येत्या रविवारी स्वयंपाकघरातील काट्यावर टोपली ठेवून सशाचे वजन करावे आणि तारखेसह लिहून ठेवावे. एकापेक्षा अधिक ससे असतील तर प्रत्येकाचे पान वेगळे करावे. पुढील अंकात आपण पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयाकडे वळू : संयुक्त नावावरील ठेवी आणि नामनिर्देशन यांतील फरक.